जीप घरी आणण्यापूर्वी

डोंगरात, चिखलात चालणारी जीप घ्यायची हौस अनेकांना असते. पण रानात फिरणारी गाडीही विक्रेत्याच्या दारातून निघते ती सार्वजनिक रस्त्यावरच! म्हणून कायम किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याखेरीज ताबा घेऊ नका. विक्रेत्यालाही नियमाप्रमाणे तशी गाडी देता येत नाही.

तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणलीत, तर तिची मुदत लक्षात ठेवा. अशी मुदत संपलेल्या एका गाडीला अपघात झाला. विमा चालू होता, तरी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा भरपाईचा दावा नामंजूरच ठेवला.

विक्रेत्याकडून बिल, विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), कंपनीचे गाडी रस्त्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र (नमुना २२) आणि विम्याची पॉलिसी मागून घ्या. कागदांवरचे इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. कर्ज काढले असेल, तर आरसी बुकावर बँकेचा बोजा चढतो. कर्ज फिटल्यावर तो उतरवून घ्या.

पुढे लोखंडी बुलबार कुणी फुकट बसवून दिला, तरी नकोच म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो बेकायदा ठरतो.

थोडक्यात, आधी कागद, मग किल्ली!