‘दरोडेखोर’ हा शब्द कोणी लिहिला?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. सातपुड्याच्या घाटवाटांची राखण करून त्याबद्दल हक्क वसूल करणारे भिल्ल कंपनीच्या दप्तरात ‘दरोडेखोर’ ठरले. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली, धरणगाव तिचे ठाणे झाले. माणसे तीच, आता ती सरकारी शिपाई होती.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला. भटक्यांविषयीचा संशय मात्र गेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना, मुले पळवणारे समजून, जमावाने ठार मारले.

म्हणूनच दप्तरातील ‘गुन्हेगार’ हा शब्द पुरावा नव्हे. तो लिहिणाऱ्याची साक्ष आधी तपासली पाहिजे.