महासंगणन आणि मराठी गद्य : भिलाईच्या निमित्ताने

भिलाई म्हटले की सोव्हिएत साहाय्याने उभारलेला पोलाद कारखाना आणि १९५९ साली कार्यान्वित झालेली त्याची पहिली झोतभट्टी आठवते. त्याच नगरीच्या नावाने २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. कारखान्याने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आणली. छत्तीसगढी, हिंदी, बंगाली, तेलुगू, मराठी अशा अनेक भाषा येथे शेजारधर्माने नांदतात. अशा ठिकाणी महासंगणनावर, म्हणजे हजारो प्रक्रियकांना एकाच गणितास जुंपणाऱ्या संगणनावर, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने आपले काम कोणत्या भाषेत सांगावे, हा प्रश्न भाषाभ्यासकांनी विचारणे अनाठायी ठरू नये. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो, याविषयी आमची तक्रार नाही. त्याचा आशय स्वभाषेत सहसा उतरत नाही, याविषयी आहे.

या बाबतीत मराठीची स्थिती विशेष विचारणीय आहे. पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. ज्या देशाने भिलाईला पोलाद करावयास साहाय्य केले, त्याच्या राजधानीतही हे यंत्र बसविण्यात आले. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे, कानपूरला सुरू झालेले कार्यही याच केंद्राने पुढे नेले. यंत्राला मराठी लिहिता येऊ लागले. मराठीने मात्र त्या यंत्राविषयी फारसे लिहिले नाही. जयंत नारळीकरांनी खगोलविज्ञानासाठी जे मराठी गद्य घडविले, तसे संगणनाच्या वाट्यास क्वचितच आले.

परिभाषेचा अभाव हे याचे कारण नव्हे. महासंगणक, प्रक्रियक, समांतर संगणन हे शब्द आपल्याकडे आहेत. पण शब्द म्हणजे आकलन नव्हे. ‘समांतर’ हाच शब्द घ्या. भूमितीतील समांतर रेषा कधीच भेटत नाहीत. समांतर संगणनात मात्र भेटीवाचून चालत नाही. हवामानाच्या गणितात वातावरणाचे लहान लहान चौकोन पाडून ते निरनिराळ्या प्रक्रियकांकडे सोपवितात. परंतु शेजारच्या चौकोनातील वारा व तापमान कळल्याखेरीज कोणालाही पुढचे पाऊल टाकता येत नाही. पुष्कळदा आकडेमोडीपेक्षा या देवघेवीतच अधिक वेळ जातो. शब्द दिशाभूल करीत असेल, तेथे ती दूर करण्याचे काम गद्याचे असते.

१९६७ साली जीन अॅमडाल यांनी मांडलेला नियमही असाच सांगता येईल. पंगतीत वाढपी कितीही वाढविले, तरी भात शिजण्यास लागायचा तेवढा वेळ लागतोच. गणिताचा दहावा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर लक्षावधी प्रक्रियक लावूनही वेग दहापटींपलीकडे जाणार नाही.

हा केवळ भाषाभिमानाचा प्रश्न नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०२४ साली ‘अर्का’ हा महासंगणक कार्यान्वित झाला. अशा यंत्रांच्या उत्तरांवर विसंबून मराठवाड्यातला शेतकरी पेरणीचा निर्णय घेऊ पाहतो. अंदाज चुकला की दोष संगणकाच्या माथी मारला जातो. वस्तुतः आरंभीच्या मोजमापातील सूक्ष्म फरक पुढे वाढत जातात. म्हणून किंचित भिन्न आरंभ घेऊन तेच गणित अनेकदा करावे लागते आणि उत्तर संभाव्यतेच्या रूपात येते. हे ज्याला त्याच्या भाषेत कोणी सांगितलेच नाही, त्याने त्या उत्तरावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा, आणि त्याची उलटतपासणी तरी कशी करावी?

यासाठी आमची सूचना साधी आहे. महासंगणनावरील प्रत्येक प्रबंधास विद्यार्थ्याच्या स्वभाषेतील दहा पानांचे निवेदन जोडलेले असावे. परीक्षकांपैकी एकाने ते वाचावे आणि त्यावर प्रश्न विचारावेत. सूत्रे, कोष्टके व आज्ञावली खुशाल इंग्रजीत राहोत. या निवेदनात गृहीते कोणती, गणित कोठे अडले आणि उत्तर कितपत विश्वसनीय, एवढे यावे. भाषाविभागांनीही अशी निवेदने गद्याचे नमुने म्हणून अभ्यासाला घ्यावीत. विद्यार्थ्याला हे ओझे वाटेल, हा आक्षेप आम्हास मान्य आहे. पण इंग्रजी संज्ञांच्या आड झाकलेले अर्धवट आकलन स्वभाषेतील निवेदनात फार काळ झाकून राहत नाही, आणि हा लाभ प्रथम त्या विद्यार्थ्याचाच आहे.