प्रश्न चौरस फुटांचा नाही

गेल्या महिन्यात नागपूरला एका स्नेह्यांकडे गेलो असता घरात वाद रंगात आला होता. मुलाला एकाच वेळी दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या, एक मुंबईत आणि दुसरी पुण्यात. वेतनात फारसा फरक नव्हता. मुलाचा ओढा मुंबईकडे, सूनबाईंना पुणे हवे आणि आजोबांचे म्हणणे असे की, अंगणातले कडुनिंबाचे झाड सोडून माणसाने जावेच कशाला? "तुम्ही दोन्हीकडे राहिलात, आता तुम्हीच न्याय करा," असे म्हणून स्नेह्यांनी तो निवाडा माझ्यावर सोपवला. आज महाराष्ट्रातील हजारो मध्यमवर्गीय घरांत हाच वाद चालू असणार. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे वाटते.

प्रथम मुंबईविषयी. माझे बालपण गिरगावच्या चाळीत गेले. दोन खोल्या, सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला शौचकूप. त्या जीवनाचे गोडवे गाणाऱ्यांनी पावसाळ्यातील ओल आणि सकाळच्या रांगा सोयीस्करपणे विसरू नयेत. पण त्याच गिरगावात केशवजी नाईक चाळीत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो आहे, हेही विसरता येत नाही. एकत्र येण्यासाठी मोठी जागा लागते असे नाही, हे चाळीने शिकवले. मुंबईचा दुसरा गुण म्हणजे ती माणसाला त्याच्या कामाने ओळखते. रात्री अकराला कामावरून सुटलेली मुलगी लोकलने एकटी घरी येऊ शकते, ही गोष्ट देशातील फार थोड्या महानगरांविषयी म्हणता येईल. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा रुळांवरून चालत निघालेल्या आम्हा शेकडो अनोळखी माणसांना झोपडपट्टीतील बायकांनी चहा पाजला होता. तो चहा मी विसरलेलो नाही.

परंतु मुंबई या सगळ्याची किंमत वसूल करते आणि ती पैशांत नव्हे, आयुष्यात. लग्नानंतर गिरगावात जागा घेणे शक्यच नव्हते. आम्ही डोंबिवली गाठली. घर ते कचेरी आणि परत, रोजचे तीन तास. वर्षातले 300 दिवस धरले तर 900 तास, म्हणजे साडेसदतीस अहोरात्र. पंधरा वर्षांत दीड वर्षाहून अधिक काळ मी गाडीच्या डब्यात उभा होतो. त्या काळात मुलगी चालायला लागली, बोलायला लागली. मी ते बव्हंशी रविवारी पाहिले. तरीही मी सुखरूप घरी पोहोचत होतो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि काहींचे प्राण गेले, ती वाट माझ्याही रोजच्या पायाखालची होती. उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि ती बातमी आता आपल्याला हलवत नाही.

2008 साली आम्ही पुण्याला आलो. मोकळी हवा, ग्रंथालये, शिक्षणसंस्था, संध्याकाळची व्याख्याने. पुण्याचे हे वैभव खरे आहे. तीन खोल्यांचे प्रशस्त घर मिळाले. तथापि पुणे हे विद्येचे माहेरघर असले तरी वाहतुकीच्या शास्त्रात ते फार मागे राहिले. मुंबईत 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली आणि शहर त्या रुळांच्या आधाराने वाढले. पुण्यात आधी शहर वाढले, हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि मेट्रो धावली ती 2022 साली. मधल्या काळात प्रत्येक पुणेकराने आपापली सोय आपापल्या दुचाकीने केली. ज्याला वाहन चालवता येत नाही, तो या शहरात परावलंबी होतो. विद्यार्थी, गृहिणी आणि विशेषतः वृद्ध.

माझ्या आईच्या वाट्याला हेच आले. गिरगावात सत्तरीतही ती एकटी देवळात, भाजीला, मैत्रिणींकडे जाई. पुण्याच्या सहाव्या मजल्यावर तिला स्वतंत्र खोली मिळाली, खिडकीतून टेकडी दिसे. पण खाली रस्त्याला पदपथ नव्हता आणि समोरचे दार दिवसभर बंद असे. पहिल्या वर्षी ती विचारी, "आपण परत कधी जायचं?" दुसऱ्या वर्षी तिने विचारणे सोडले. ती समजूतदार झाली असे मला तेव्हा वाटले. ती एकटी पडली होती, हे फार उशिरा लक्षात आले. दोष पुण्याचा नव्हता. घर निवडताना मी चौरस फूट मोजले होते. तिच्या पायांना झेपेल इतक्या अंतरावर माणसे आहेत की नाहीत, हे मोजले नव्हते.

आणि नागपूर? 1956 पर्यंत राजधानीचे वैभव भोगलेले हे शहर. रुंद रस्ते, आवाक्यातील घरे, 2019 पासून मेट्रो. उन्हाळा कडक, हे खरे. पण मुले उन्हामुळे गाव सोडत नाहीत. मिहानसारखे प्रकल्प आले, 2025 मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या दारापर्यंत पूर्ण झाला, तरी पदवी हाती पडलेल्या तरुणाला पश्चिमेची गाडी धरावीशी वाटते. मुंबई-पुण्याची गर्दी आणि विदर्भातील ओसरीवर एकटे बसलेले आजोबा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. रोजगार दोन-तीन शहरांत साठवायचा आणि मग तिथे उड्डाणपूल बांधत बसायचे, याला नियोजन म्हणत नाहीत.

शहराचे मूल्यमापन करताना आणखी एक हिशेब आपण टाळतो, तो पाण्याचा. मुंबईला 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी मिळू लागले; पुढे तहान वाढत तानसा, वैतरणा, भातसा अशी दूर गेली. ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईचे नळ वाहतात, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पुण्यातही खडकवासला साखळीतील पाण्यावरून शहर आणि दौंड-इंदापूरचा शेतकरी यांच्यात दरवर्षी ओढाताण होते. आंबिल ओढ्याची वाट अडवली, तेव्हा 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री त्याने आपली वाट स्वतः शोधली आणि माणसे वाहून गेली. 'हे शहर मला काय देते?' एवढेच विचारणारा नागरिक हा शहराचा ग्राहक असतो, नागरिक नव्हे. ते देणे कोणाच्या ताटातून येते, हेही विचारले पाहिजे.

मग निवाडा काय दिला? मी त्या तरुणाला सांगितले, मुंबई घे किंवा पुणे घे. पण घर कामाच्या जवळ घे, मग ते एका खोलीने लहान असले तरी चालेल. वाचलेले दोन तास ही तुझी खरी मिळकत. त्यातला एक तास मुलांना दे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ वस्तीला दे. इमारतीतील चार घरांची नावे पाठ कर. दारावरची नावपाटी वाचून नव्हे, आत जाऊन. आणि आजोबांना नेणार असशील, तर आधी ती जागा त्यांच्या पावलांनी चालून पाहा.

आजोबा एवढा वेळ गप्प होते. त्यांनी एकच प्रश्न केला, "तिथं सकाळी बसायला बाग आहे का? आणि बागेत कोणी बोलणारं आहे का?" मुलाला उत्तर देता आले नाही. आधी ते शोधून येतो, असे तो म्हणाला. घर शोधणाऱ्या प्रत्येकाने करारावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. आणि जिथे उत्तर 'नाही' असे येईल, तिथे ते बदलण्याचे काम आपलेच आहे.