ओवीचे संकुल कोणते?

पुढे शिकावयाचे हे ठरते, विद्यापीठही ठरते. आणि मग विद्यार्थी अर्जातील एका रकान्यापाशी अडतो. विद्यापीठातील कोणत्या संकुलात प्रवेश मागावयाचा? ही चिंता केवळ व्यावहारिक मानून तिची बोळवण करण्याची रीत आहे. वस्तुतः तिच्या मुळाशी ज्ञानाच्या विभागणीचाच प्रश्न असतो.

परभणीकडच्या एखाद्या विद्यार्थिनीने जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करण्याचे मनात धरले, असे समजू. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हा १९७४ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठाकडे तिची दृष्टी वळणे स्वाभाविक आहे. तेथे तुलनात्मक साहित्याचे केंद्र मानव्यविद्या संकुलात आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र सामाजिक शास्त्रांच्या संकुलात आहे. नाट्य, नृत्य, संगीत हे विषय तिसऱ्याच संकुलात आहेत. मराठीचा स्वतंत्र विभाग नाही. ओवी ही शब्दरचना मानली तर एक दार, कष्टकरी स्त्रीची साक्ष मानली तर दुसरे, गळ्यातला सूर मानला तर तिसरे. पहाटे दळण दळता दळता ओवी गाणाऱ्या बाईला ही त्रिस्थळी यात्रा ठाऊक नव्हती.

विद्यार्थिनीची भीती मात्र अनाठायी नाही. अध्यापकाच्या जागेसाठी ‘संबंधित विषयातील’ पदवी मागितली जाते, आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या यादीत मराठी, लोकसाहित्य व तुलनात्मक साहित्य हे तीन स्वतंत्र विषय आहेत. विशीतल्या मुलीने आज भरलेला रकाना पंधरा वर्षांनी मुलाखतीच्या मेजावर तिच्यापुढे येऊ शकतो.

तरीही ज्यांच्या कार्याचा आधार आज घ्यावा लागतो, त्यांनी या भिंती फारशा मानल्या नाहीत. इरावती कर्वे यांची डॉक्टरेट बर्लिनची व मानववंशशास्त्राची. परंतु ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मराठी ग्रंथ म्हणून. गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या गेल्या, त्या कोणत्याही विद्यापीठीय संकुलाबाहेर, गायिकांशी वर्षानुवर्षे संबंध राखून.

याचा अर्थ शास्त्रांची शिस्त निरर्थक आहे असा नव्हे. छंदाचे ज्ञान नसता ओवीविषयी बोलणे हे जितके पोकळ, तितकेच शेती, जात आणि सासुरवास यांची माहिती नसता बोलणे पोकळ. शिस्त हवीच; प्रश्न कोणती शिस्त आधी घ्यावयाची, एवढाच आहे.

त्याचे उत्तर संकुलाच्या नावात शोधू नये. अर्ज करण्यापूर्वी तीन गोष्टींची चौकशी करावी. मूळ मराठी संहिता वाचू शकेल असा एक तरी अध्यापक तेथे आहे काय? दुसऱ्या संकुलातील अभ्यासक्रम घेण्याची मुभा कागदावरच आहे, की विद्यार्थी खरोखर ती घेतात? प्रबंधात ओव्या मराठीत राहतील, की केवळ इंग्रजी भाषांतरात उरतील? यांतील पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पद्धती पुढेही शिकता येते. परंतु ज्या ठिकाणी आपली भाषा वाचणारा कोणी नाही, तेथे आपली चूक दाखविणाराही कोणी नसतो, आणि चूक न दाखविता दिलेली पदवी ही विद्यार्थ्याची फसवणूकच होय.

जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकूनही चालणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा समारंभापुरता राहावयाचा नसेल, तर महाराष्ट्राबाहेरील केंद्रीय विद्यापीठांनी मराठीचा निदान एक अध्यापक नेमावा, आणि त्याला एकाच संकुलात कोंडून न ठेवता सर्व संकुलांच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचा अधिकार द्यावा. तसे झाले तर परभणीच्या त्या मुलीने कोणताही रकाना भरला, तरी तिची ओवी तिच्याबरोबर आत जाईल.