चित्राच्या बटणाचा हट्ट कशाला?

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की हॉस्टेलमध्ये रात्री एक आरोळी हमखास ऐकू येते, "बटण दाबलं तरी नलच येते ना भाऊ!" बहुतेक वेळा घोळ एकच. 'जतन' आणि 'रद्द' यांची सुंदर चित्रं काढून तीच सबमिट बटणं केलेली असतात.

अशा बटणाचं नाव 'सेव्ह' असेल, तर सर्व्हलेटला 'सेव्ह.एक्स' आणि 'सेव्ह.वाय' मिळतात, म्हणजे चित्रावर क्लिक कुठे झालं ते. काही ब्राउझर नुसतं 'सेव्ह'ही पाठवायचे, इंटरनेट एक्सप्लोरर नाही. म्हणून रूममेटकडे चालायचं, लॅबमध्ये बोंब! तेव्हा 'सेव्ह.एक्स' नल नाही ना, एवढंच तपासा. आकडा बघू नका, कीबोर्डने दाबलं की शून्यच येतो. नाहीतर समजा खामगावच्या शेतकऱ्याने 'रद्द' दाबलं आणि तुमचा कोड एल्समध्ये घुसला, तर त्याच्या कापसाची नोंद होऊन बसते.

पण मी म्हणतो, चित्र हवंच कशाला? पूर्वी समोरच्याकडे आपला मराठी फाँट नसला की अक्षरांचा कचरा दिसायचा, तेव्हा ठीक होतं. विंडोज २००० सोबत युनिकोडचा मंगल आला, त्यालाही जमाना झाला. 'जतन करा' सरळ अक्षरांत लिहा, रंगरूप सीएसएसवर सोडा. अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं सहसा वाचत नाही, आल्टमध्ये लिहिलेलं वाचतो. अन् आल्ट लिहितो कोण?

गाइड सरांना विनंती, व्हायव्हात माऊस बाजूला ठेवायला सांगाच.