गिझर पहाटेचा, सवलत दुपारची आणि शिव्या मीटरला

जेसल पार्ककरांनो, ‘नवीन मीटर पळतोय’ हा मेसेज पुढे ढकलण्याआधी पाच मिनिटं द्या. मी वीज कंपनीची बाजू घेतोय असं वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा. त्यांनाही सोडणार नाहीये.

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं बिल वाढलं. मीटर बदलल्यावर वाढलं, म्हणजे मीटरच चोर, असा निकाल लिफ्टमध्येच लागला. मी घरी जाऊन बघितलं. बाथरूमबाहेर गिझरचा टायमर, जुना, गोल तबकडीचा. माझ्या घड्याळात संध्याकाळचे सव्वासात, तबकडीवर दुपारचे सव्वादोन!

कारण साधं आहे. हा टायमर विजेवरच चालतो. लाइट गेली की तो थांबतो, आली की थांबला तिथून पुढे चालू. काकूंचा असा थांबत थांबत पाच तास मागे पडलेला. पहाटे ४ ला लावलेला गिझर सकाळी ९ ला तापायचा, घरातले सगळे स्टेशन गाठून झाल्यावर. पहाटे पाणी गार. मग मुलाने वैतागून टायमरचं बटण कायमचं ‘चालू’वर टाकलं, आणि ते तसंच राहिलं. टाकी निवली की थर्मोस्टॅट पुन्हा तापवतो, दिवसरात्र. मीटरने फक्त मोजलं.

डिजिटल टायमरवाल्यांनी हसू नये. आतली बॅटरी मेली की त्याचं घड्याळ पुसलं जातं. एएम-पीएमचा घोळ तर घरोघरी. आणि २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो; त्याला ६ अँपिअरचा स्वस्त टायमर लावला तर आतले पॉइंट चिकटून बसतात आणि गिझर बंदच होत नाही. हे नुसतं बिलाचं नाही, आगीचं काम आहे.

काकूंना इलेक्ट्रिशियनने सांगितलं होतं, ‘रात्रीची वीज स्वस्त.’ जुना घरगुती मीटर नुसते युनिट मोजायचा, वेळ नाही. कुठली रात्र आणि कुठलं स्वस्त? ती सवलत मोठ्या ग्राहकांची. आता वेळ मोजणारे मीटर आले, तर चक्र उलटं फिरलंय. सोलरची वीज दिवसा मिळते म्हणून २०२३ च्या केंद्राच्या नियमांत सौर तासांचा दर किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितलंय, आणि गर्दीच्या वेळी किमान १० टक्के जास्त. महावितरणच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ सवलत जाहीर झाली. आपल्याकडे महावितरण नाही, आपलं दरपत्रक वेगळं. पण दिशा तीच.

म्हणजे काकूंचा बिघडलेला टायमर सरकारच्या स्वस्त वेळेवर बरोबर पोचला होता. कुणी न सांगता!

आता साहेबांना विचारतो. ९ ते ५ भाईंदरमध्ये घरी असतं कोण? चर्चगेटची लोकल पकडणाऱ्या माणसाने कुकर दुपारी लावायचा? पंखा दुपारी फिरवून रात्री झोपायचं? मध्यमवर्गीय घरात वेळ बदलून चालेल अशी मोठी वस्तू एकच, गरम पाणी साठवणारा गिझर. त्याचाही हिशोब करा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट. दोनदा तापवलं तर दिवसाला सव्वा युनिट. युनिटमागे रुपया सुटला असं धरलं तरी महिन्याला ३५-४० रुपये. तेही दुपारचं पाणी दुसऱ्या पहाटेपर्यंत गरम राहिलं तर, आणि ते राहत नाही. याला भेट म्हणून ढोल वाजवू नका.

ब्रिटनमध्ये जुन्या घरांत विटांचे हीटर असतात. रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवायच्या, दिवसभर ऊब घ्यायची. ते कधी चालू व्हायचं हे अनेक घरांत बीबीसीच्या लाँगवेव्हवरून जाणारा संकेत ठरवायचा. ही यंत्रणा ३० जून २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बंद व्हायला लागली. हीटर भलत्या वेळी तापतील किंवा बंदच पडतील, असा इशारा तिथल्या नियामकाने आधीच दिला आणि मीटर बदलून द्यायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे काय? मीटर बदलून माणूस गेला. ‘वेळ बघून वापरा’ एवढं सांगायलाही तो थांबला नाही.

माझी मागणी छोटी आहे. बिलाच्या पहिल्या पानावर, मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात दोन ओळी: कुठल्या तासांचा दर किती, आणि त्या तासांत तुमचे युनिट किती. मीटरला वेळ कळते, तर मालकालाही कळू दे की! तरीही शंका राहिली तर मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा, तो तुमचा हक्क आहे.

तोवर रविवारी सकाळी चौपाटीवर फेरी मारून आलात की टायमरची तबकडी हातातल्या घड्याळाशी ताडून बघा. किती तास मागे निघाली ते कमेंटमध्ये लिहा. काकूंचा पाच तासांचा विक्रम आहे.