जिंकणारे थोडे, पण खेळणारे किती?

सोडत निघण्याआधीच स्पर्धेचा विजेता सगळ्यांना ठाऊक असेल, तर तो विजेत्याचा दोष नव्हे. ज्याने मैदान राखले, चांगला प्रशिक्षक नेमला, मुलींच्या राहण्याची आणि खुराकाची सोय केली, तो जिंकणारच. काळजी करायची ती हरणाऱ्यांची. पुढच्या वर्षी त्यांचा संघ पुन्हा उभा राहतो का? मुलींच्या महाविद्यालयीन खेळापुढचा खरा प्रश्न हा आहे, आणि पुणे जिल्ह्यातल्या मंचर, घोडेगाव, जुन्नरसारख्या गावांत तो अधिक टोकदार होतो.

आधी वरचे चित्र पाहू. २०२४च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत विद्यापीठांसाठीचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक चंडीगड विद्यापीठाने मिळवला. त्यामागोमाग लव्हली प्रोफेशनल विद्यापीठ आणि अमृतसरचे गुरू नानक देव विद्यापीठ होते. तिन्ही पंजाबातली, त्यांतली पहिली दोन खासगी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठही दुबळे नाही. २०२०मध्ये भुवनेश्वरला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत ते दुसरे आले होते. पण विद्यापीठाचे बळ शेवटी त्याच्या महाविद्यालयांचे असते, आणि त्यांतली बरीच महाविद्यालये तालुक्यांच्या गावी आहेत.

तालुक्याच्या महाविद्यालयात मुलींचा कबड्डी संघ कसा उभा राहतो? मैदानावर सात, राखीव धरून बारा. या बाराजणींत खऱ्या अर्थाने घडलेल्या दोघी-तिघीच असतात, बाकीच्या त्यांच्या आधाराने खेळतात. मंचर-घोडेगावच्या आंबेगाव तालुक्यात पश्चिमेकडून, डिंभे धरणापलीकडच्या आदिवासी गावांतून येणाऱ्या मुलीचा सराव एसटीच्या वेळेवर ठरतो. पूर्वेकडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. अंधार पडल्यावर मुलीने उसाच्या कडेने घरी चालत यावे, असे कोणते आईवडील म्हणतील? त्यामुळे मुलींचा सराव मुलांपेक्षा लवकर संपतो. अशा वेळी शहरातले एखादे महाविद्यालय फी माफ करून वसतिगृहात जागा देऊ करते आणि चढाई करणारी मुलगी तिकडे जाते. तिने जावेच. तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. पण तिच्यामागे उरलेल्या अकराजणींचा संघ वर्षभरात मोडतो, आणि त्याची नोंद कुठल्याच पदकतक्त्यात होत नाही.

स्पर्धेची बाद पद्धत या मोडतोडीला हातभार लावते. सोळा संघांच्या बाद फेरीत पंधरा सामने होतात. आठ संघ एकेक सामना खेळून घरी जातात, विजेता मात्र चार सामने खेळतो. म्हणजे ज्यांना खेळाच्या अनुभवाची सर्वांत जास्त गरज, त्यांच्या वाट्याला सर्वांत कमी खेळ येतो. पहाटे निघायचे, बलाढ्य संघाकडून चाळीस मिनिटांत हरायचे आणि मोसम संपवायचा. दोन वर्षे असे झाले की तिसऱ्या वर्षी प्रवेशअर्ज भरण्याचा आग्रह कुणी धरत नाही. त्याच सोळा संघांचे चार गट करून साखळी खेळवली, तर शेवटच्या संघालाही तीन सामने मिळतात. खर्च वाढेल, हे खरे. पण गटसामने मंचरला किंवा नारायणगावला ठेवले तर प्रवासाचा बराचसा भार कमी होईल.

वर्चस्वाने खेळ मरतोच, असे मात्र नाही. अमेरिकेत महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने सलग १११ सामने जिंकले. ३१ मार्च २०१७ रोजी मिसिसिपी स्टेटने जादा वेळेत ६६-६४ असे हरवून ती मालिका तोडली. त्या काळात एका संघाला पंधरापेक्षा जास्त क्रीडा शिष्यवृत्त्या देता येत नसत. बलाढ्य संघाला सगळ्याच गुणी मुली गोळा करता येत नव्हत्या. उरलेल्या दुसरीकडे गेल्या, तिथे घडल्या आणि पुढे त्यांनीच आव्हान दिले. २०२१पासून संघ बदलणे सोपे झाले, पैसाही आला. तेव्हापासून तिथेही हा समतोल टिकेल का, अशी चिंता आहे.

आपल्याकडे महिला कबड्डीत वर्षानुवर्षे रेल्वेच्या संघाचा दबदबा आहे, कारण रेल्वे खेळाडूंना नोकरी देते. तरीही जानेवारी २०१८मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत हिमाचल प्रदेशाच्या मुलींनी अंतिम सामन्यात रेल्वेला हरवले. लहानशा डोंगरी राज्याला हे जमले, त्यामागे धरमशाला आणि बिलासपूरची क्रीडा वसतिगृहे आहेत. डोंगरातल्या मुलीला घडण्यासाठी राज्याबाहेर जावे लागले नाही. त्याच वर्षी जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे नमवून सुवर्णपदक नेले. त्यांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. वर्चस्व तोडणारी विद्या आपल्याच मातीत आहे, ती इथल्या छोट्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचत नाही एवढेच.

म्हणून विद्यापीठाने आणि शासनाने चार गोष्टी कराव्यात. पहिल्या फेऱ्या साखळी पद्धतीने आणि तालुक्याच्या जवळ खेळवाव्यात. खेळाडू पुढे गेली तर तिला घडवणाऱ्या शाळेला आणि पहिल्या महाविद्यालयालाही गुण आणि निधी द्यावा. मंचर किंवा घोडेगावला मुलींसाठी क्रीडा वसतिगृह उभारावे, म्हणजे सराव एसटीच्या आणि बिबट्याच्या वेळेवर ठरणार नाही. आणि महाविद्यालयाचे मोजमाप करताना पदकांबरोबरच किती मुली वर्षभर खेळल्या, हेही पाहावे.

हे केले नाही तर नुकसान फक्त मंचरचे होणार नाही. शहरातली बलाढ्य महाविद्यालये ज्या मुलींवर करंडक जिंकतात, त्या मुली कुठल्या तरी छोट्या संघात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या असतात. ते संघ संपले की पहिली दोन-चार वर्षे काहीच जाणवणार नाही. करंडक येतच राहतील. त्यानंतर निवडायला मुलीच उरणार नाहीत, आणि तोवर तालुक्यातला संघ पुन्हा उभा करणारे शिक्षकही निवृत्त झालेले असतील.